काजळ्याची गोम

परवा वालूरच्या बाजारात गेले ती कोकरांचा भाव काढायला. विकायला नव्हे, नुसता भाव काढायला. भाजीच्या बाजूला माझं जाणं नेहमीचंच. तिथल्या बायका मला ओळखतात आणि मी दिसले की भाव आधीच वाढवून सांगतात, कारण मी घासाघीस केल्याशिवाय हलणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. जनावरांच्या बाजूला मात्र लहानपणीच काय ते गेले होते, त्यानंतर पाय टाकला नव्हता. कोकरं न्यायचे-आणायचे आमचे हेच. यंदा यांचे गुडघे धरले, म्हणून पाळी माझ्यावर आली.

मैदान आता निम्मंच राहिलंय. रस्त्याच्या अंगाला शटरची दुकानं झालीत, कुठं मोबाइल, कुठं खतं. बैलांच्या रांगा पूर्वी ओढ्यापर्यंत जायच्या, त्या आता दोन कडुलिंबांच्या मधे मावतात. शेळ्या-मेंढ्यांचीच गर्दी जास्त. वास मात्र तोच होता. मुताचा, तुडवलेल्या कडब्याचा, शिंगांना नुकत्याच दिलेल्या रंगाचा, भज्यांच्या करपलेल्या तेलाचा. तो नाकात शिरला आणि मी परकर सावरत मायच्या मागं पळणारी पोर झाले. घुंगरांचे आवाज ऐकू यायला लागले. खरं तर त्या दिवशी मैदानात घुंगरं बांधलेला एकही बैल नव्हता.

आणि मग तो दिसला. रंगनाथ हेडी. हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी, एका बाजारात घ्यायचं आणि दुसऱ्या बाजारात विकायचं हा त्याचा धंदा. लिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. मिशा पांढऱ्या झालेल्या, खांद्यावर तसाच मोठा रुमाल. सौदे आता त्याचा पोरगा करतो. म्हातारा बघत बसतो आणि पोरगा चुकला की खाकरतो. मला वाटलं होतं, मेला असेल. मेला असेल आणि माझ्या हातून फुकटचा सुटला असेल, या विचारानं मी काही वर्षं हळहळलेही होते. तो जिता आहे, धडधाकट आहे, दात शाबूत आहेत, हे बघून मला इतका आनंद झाला की मी पावशेर भजी घेतली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली.

काजळ्या आमच्या घरी याच मैदानातून आला होता. माझे वडील, आण्णा, जनावर बघायचे तोंडाकडून आणि माय बघायची पायाकडून. आण्णा दात मोजायचे, शिंगं चाचपायचे, शेपूट ओढून बघायचे. माय लांब कुठंतरी दगडावर बसायची आणि कुणी जनावर चालवत नेलं की तेवढं बघायची. बाई माणूस बाजारात जनावर निवडतंय म्हणून लोक हसायचे. आण्णाही हसायचे, पण घ्यायचे तिनं सांगितलेलंच. त्या वर्षी तिनं एक गोऱ्हा दाखवला. लाल कंधारी जातीचा, पण बरगड्या निघालेल्या, अंगावर माशा. डोळ्यांभोवती तेवढा काळा, काजळ घातल्यासारखा. सोबतचे लोक म्हणाले, "ह्याला न्यायला बैलगाडी लागंल." माय म्हणाली, "चाल बघा की. मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणंवर पडायलाय."

दोन वर्षांत काजळ्या असा भरला की बांधावरून जाणारे थांबून बघायचे. त्याच्या अंगाला एक वास होता, कोवळ्या गवताचा आणि उन्हाचा. मी त्याला ओढ्यावर धुवायची. पाठीवरून पाणी ओतलं की कातडी थरथरवायचा आणि सगळं पाणी माझ्याच अंगावर यायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असायची. माय लोणी-हळद तळहातावर घेऊन त्याच्या खांद्याला चोळत बसायची, जू जिथं बसतं तिथं, हळूहळू, बाळाला तेल लावतात तसं. मग त्याच्या कानाशी जाऊन म्हणायची, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." हे म्हणायचा मान खरं तर घरच्या गड्याचा. पण आण्णा म्हणायचे, "तुझंच ऐकतो तो, तूच म्हण." दुसऱ्या दिवशी झूल निघायची, तिला ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. पुरणपोळी काजळ्या एका घासात गिळायचा आणि मग ताट चाटत राहायचा, त्या ताटाचा आवाज वेशीपर्यंत जायचा. ते ताट कुठं गेलं, झूल कुठं गेली, कुणालाच सांगता येत नाही.

मग आण्णा गेले. कसे गेले ते इथं सांगत नाही. इतक्या वेळा सांगून झालंय की आता ते मला दुसऱ्या कुणाच्या घरचं वाटतं. दावणीला काजळ्या उभा आणि औत धरायला माणूस नाही, एवढं मात्र लख्ख आठवतं. मायनं चुलीपुढं बसून सगळं तोललं. गावातच द्यावा तर रोज दुसऱ्याच्या औताला जुंपलेला दिसणार. भाड्यानं द्यावा तर लोक मारून राबवणार. बाजारात न्यावा तर भाव चांगला येईल आणि लांबच्या गावी जाईल, डोळ्यांआड. ती मला म्हणाली, "बाजारातच नेऊ. त्याला बघणारं माणूस तिथंच भेटंल." त्या दिवशी तिनं त्याला शेवटचं धुतलं. मला हात लावू दिला नाही.

बाजारात सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. बघणाऱ्यांना नुसता हलणारा रुमाल दिसतो. त्यामुळं एकानं काय सांगितलं ते दुसऱ्याला कळत नाही, आणि हेड्यांचं पोट त्यावरच चालतं. काजळ्याभोवती बघता बघता गर्दी जमली. पहिल्याच हेड्यानं रुमाल पुढं केला. मायनं हात मागं घेतला. म्हणाली, "म्या परक्या माणसाच्या हातात हात देत न्हाई. काय भाव हाय ते तोंडानं बोला."

असं त्या मैदानात आधी कुणी बोललं नसावं. लोक हसले, मग एकानं खरंच मोठ्यानं भाव सांगितला. दुसऱ्यानं त्याच्यावर सांगितला. तिसरा म्हणाला, "जरा थांबा, म्या वर हाय." भाव उघड्यावर चढायला लागला आणि शेजारचे शेतकरीही आपापली जनावरं सोडून ऐकायला आले. मी मायचा पदर धरून उभी होते. तिच्या तोंडावर आण्णा गेल्यापासून पहिल्यांदा जरा रंग आला होता.

तेव्हा रंगनाथ हेडी पुढं आला. त्यानं भाव सांगितलाच नाही. काजळ्याच्या पाठीवरून तळहात फिरवला, वशिंडामागं केस बोटांनी फाकवले, आणि जिभेनं 'च्च' केलं.

"धनी कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"वारले," माय म्हणाली.

"मंग बरोबर हाय." हे तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "ही बघा गोम. धनी खाणारी. बाई, हा बैल निवडला कुणी व्हता?"

माय खोटं बोलत नाही, हा तिचा जन्माचा दोष. ती म्हणाली, "म्याच."

गोम म्हणजे केसांची एक रेघ. दोन्हीकडचे केस उलटे येऊन मधे भिडतात आणि अंगावर किडा बसल्यासारखी ती दिसते. एका जागी असली तर घराला बरकत, दुसऱ्या जागी असली तर मालकाच्या मुळावर, असं बाजार मानतो. आणि वाईट गोम नुसती बघितली तरी बघणाऱ्याला लागते, हेही मानतो. म्हणून कुणी वाकून बघितलं नाही. एवढे लोक होते, जन्म गुरांत गेलेले, पण एकानंही मान पुढं केली नाही. सगळे मागं सरले. 'म्या वर हाय' म्हणणारा तर आपण कधी बोललोच नाही अशा तोंडानं निघून गेला.

दुपार कलली तरी काजळ्याकडं कुणी आलं नाही. मग एक अनोळखी माणूस आला, म्हणाला, मला असल्या गोष्टींचं काही नाही, आणि त्यानं रुमाल पुढं केला. मायनं रुमालाखाली हात घातला. मी तिचं तोंड बघत होते, रुमालाकडं बघवलं नाही. जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत, घरची बरकत त्यात राहते म्हणतात. मायनं काजळ्याच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं आणि परत येताना ओढ्यात फेकून दिलं. घरी आल्यावर तिनं अंघोळ केली आणि ती चूल न पेटवता बसून राहिली.

पैसे गेले, बैल गेला, ते सगळं मी सोडून दिलं असतं. पण मायनं त्या माणसाचं खरं मानलं. "बारकी आसंल गोम," ती म्हणायची, "माझ्या ध्यानात आली न्हाई." मी रोज त्याला धुवायची, मला कधी दिसली नव्हती. पण गोम कशी असते हे तरी मला कुठं माहीत होतं? आण्णांना आपणच घालवलं, आपल्याच निवडीनं, हे तिनं मनाशी धरलं ते धरलंच. भावकीतल्या एका बाईनं तिला पाठीमागं 'गोमवाली' म्हणायला सुरुवात केली आणि पुढं पुढं तोंडावरही. माय त्यावर भांडली नाही. पोळ्याला ती आतल्या खोलीत बसायची. गाय व्याली तर बघायला उठायची नाही. तिनं पुन्हा काही निवडलं नाही, जनावर तर नाहीच, साधं लुगडंसुद्धा नाही. माझं स्थळ बघायला सगळे गेले. माय गेली नाही. म्हणाली, "माझी नजर नगं लागायला."

लहानपणी मी रोज संध्याकाळी दिवा लावताना म्हणायची, त्या हेड्याच्या हाताला फोड येऊ देत. मोठी झाल्यावर अक्कल आली, फोड बरे होतात. मग त्याच्या घरी चोरी व्हावी असं म्हणायची. मग माझी पोरं झाली, पोरांमागं धावताना दिवा लावायचंही विसरायला लागले, पण रंगनाथ हेड्याला विसरले नाही. लग्न याच गावात झालेलं, माय शेवटी माझ्याकडंच राहायला आली. रोज सकाळी ती ओसरीवर बसलेली दिसायची आणि रोज सकाळी मला त्याची आठवण व्हायची. मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्यानं मायसमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं होतं की गोम नव्हती.

तर परवा भजी खाऊन झाल्यावर मी त्याच्या पोराजवळ उभी राहिले आणि ऐकलं. हैद्राबादला आखाडाच्या आत टेंपो भरून कोकरं पोचवायची त्यानं जबान दिली होती आणि यंदा बाजारात चांगली कोकरं दिसतच नव्हती. माझ्या घरी मात्र होती. तुरीच्या भुस्कटावर पोसलेली, पाठ भरलेली. मी म्हणाले, "आमची कोकरं बघायला या. पण तुमच्या वडलांनी यायला पायजे. आमी पोरासोरांशी बोलत न्हाई." पोरगा चाळिशीचा होता, पण कोकरांपायी 'आणतो' म्हणाला.

घरी आमच्या ह्यांनी सगळा हिशेब मांडून ठेवला होता. "पाथरी रोडचा त्यो व्यापारी काट्यावर घेतोय, त्याचं वजन चोख, पण भाव जरा कमी. बाजारात न्यावं तर टेंपोचं भाडं, अन् वाटंत कोकरं हगून-मुतून निम्मी व्हतेत. थांबावं म्हणलं तर आखाड संपला, श्रावण लागला की कोण इचारतंय? मंग हायेतच आपल्या गळ्यात."

"हेडी घरी यायलाय," मी म्हणाले.

"हेडी भाव जास्त दील. त्यालाच द्यायची का मंग?"

"बघू."

"तुझं बघू मला लय महागात पडतंय," हे म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

हेडी आला तेव्हा माय ओसरीवर सूप घेऊन तूर पाखडत होती. तिनं त्याला ओळखलं. पाखडायचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. मी चहा दिला, कपबशीतून, पाहुण्याला देतात तसा. त्यानं कोकरं बघितली. सवयीनं एकेकाच्या पाठीवरची लोकर बोटांनी फाकवली, काजळ्याचे केस फाकवले होते तशीच. मग त्यानं ह्यांच्यापुढं रुमाल केला.

मी म्हणाले, "रुमाल खांद्यावर ठेवा. तोंडानं बोला."

त्यानं रुमाल खांद्यावर टाकला. मग त्यानं भाव सांगितला. पाथरीवाल्यापेक्षा चांगला वर होता. ह्यांचे गुडघे एकदम बरे झाल्यासारखे दिसले.

"कोकरं तुमचीच," मी म्हणाले. "पण आधी एक सांगा. माझ्या मायनं तुमच्या बाजारात एक बैल आणला व्हता. तांबडा, डोळ्याला काजळ. त्याच्या अंगावर तुमी गोम दावली व्हती. ती खरंच व्हती का?"

"कोण्या बैलाचं काय सांगावं बाई," तो हसला. "हयात गेली बैलं बघण्यात."

"आठवा."

त्यानं कोकरांकडं बघितलं, टेंपोकडं बघितलं. "न्हवती," तो म्हणाला. "तुमी म्हणता तर न्हवती. बिलकुल न्हवती. भरायची का आता?"

मी मायकडं वळले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते तिच्या पुढ्यात आणून ठेवलं होतं. तिनं मान वर केली नाही. सूप झाडत म्हणाली, "कोकरासाठी बोलायलाय त्यो. हेड्याचं काय खरं असतंय? दे त्याला. भाव चांगला हाय."

मी एवढा विचार केला होता, पण हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. विकत घेतलेल्या शब्दाला काय किंमत, हे मायला कळलं आणि मला कळलं नाही. माझ्या अंगाची आग झाली.

"न्हाई द्यायची," मी म्हणाले.

"अगं," आमचे हे उठलेच.

"पाथरीवाल्याला फोन लावा. म्हणावं काटा घेऊन ये."

हेड्यानं भाव वाढवला. मी नाही म्हणाले. आणखी वाढवला. मी पुन्हा नाही म्हणाले, आणि खरं सांगते, असलं गोड काही मी आजवर तोंडात घातलं नव्हतं. त्यानं हटून हुज्जत घातली, पोराला पुढं केलं, पोरानं हैद्राबादचं रडगाणं गायलं. मी प्रत्येकाला शांतपणे नाही म्हणाले. मला तर वाटत होतं, त्यानं अजून दहादा विचारावं. शेवटी पोरगा चिडून गाडीत जाऊन बसला आणि त्यानं गाडी चालू केली. म्हातारा फाळक्याला हात लावून थांबला, वळला, आणि त्याच्या तोंडावरचं ते गिऱ्हाइकाचं हसू पार गेलेलं होतं.

"एका बैलासाठी?" तो म्हणाला. "एका बैलासाठी इतकी वर्षं? लय येडे लोक हाव तुमी. ही तुझी माय, भर बाजारात उघड्यावर बोली लावायला निघाली व्हती. आमच्या पोटावर पाय द्यायला! म्हणून बोललो. गोम कशाची? एक केस वाकडा न्हवता त्याच्या अंगावर. अन् ज्यानं घेतला ना, त्यो माझाच माणूस व्हता. जिंतूरला दुपटीनं इकला म्या. ज्याच्या दावणीला गेला त्याच्या औताखाली म्हातारा झाला त्यो बैल, अन् त्याचा धनी अजून काठी टेकत चावडीवर येतोय. तुमी एकानंबी वाकून बघितलं न्हाई, त्याला म्या काय करू?"

तो आम्हाला जखम करायला बोलला होता. जेवढं लागेल तेवढं लागावं म्हणून एकेक शब्द निवडून फेकला. मग टेंपोत चढला. रिकामा टेंपो खडखडत वेशीकडं गेला. मागं धूळ उडाली आणि कोकरं एका सुरात ओरडायला लागली. मी हातात दगड घेतला होता, तो तसाच राहिला. आमचे हे पाथरीचा नंबर लावायचा सोडून नुसते उभे होते.

माय उठली. सूप भिंतीला टेकवलं, पदराला लागलेलं कोंड्याचं भुस्कट झटकलं. ओसरीच्या पायरीपर्यंत आली.

"त्याचा धनी जिता हाय म्हणला ना त्यो?"

"हो माय."

"अन् टेंपो रिकामाच गेला?"

"रिकामाच."

"बरं झालं." तिनं वेशीकडं बघितलं. मग ती माझ्याकडं वळली, आणि ज्या आवाजात बोलली तो आवाज आण्णा गेल्यापासून मी ऐकला नव्हता.

"म्हंजे बैल म्या चांगलाच निवडला व्हता."